जयगडचें सुकाणूं

वाईस मास्तरकी करण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. पण आमचें मूळ घर घाटाखालचें, शास्त्री नदी जेथें समुद्रास मिळते त्या जयगडच्या परिसरांतलें. तें घर आतां वडील चुलतबंधूंकडे आहे. यंदां श्रावण लागतांच त्यांचें पत्र आलें: "नारळी पौर्णिमेस उभयतां या. चिरंजीवानें घराचें रूप पालटलें आहे, तें एकवार पाहून जा." या शेवटच्या वाक्यांत अभिमान किती आणि धास्ती किती, याचा उलगडा पत्र दोनदां वाचूनहि होईना. तेव्हां समक्षच पाहावें असें ठरवून आम्ही निघालों.

उंब्रजवरून पाटण, पुढें कुंभार्लीचा घाट उतरून चिपळूण, आणि तेथून गुहागरच्या वाटेनें तवसाळ, असा मार्ग आम्हीं धरला. घाटांतला कडा न् कडा पावसानें झरत होता. तवसाळास खाडी आडवी येते. तेथून जयगडपर्यंत फेरीबोट चालते. मोटारी, दुचाक्या, माणसें, त्यांचीं गांठोडीं, सारें एकदमच तिच्यावर चढतें आणि थोडक्या वेळांत पैलतीरास लागतें. आमचे वडील सांगत कीं त्यांच्या तरुणपणीं मुंबईची आगबोट खोल पाण्यांत उभी राही आणि उतारूंस पडावांत उतरवून किनाऱ्यास आणीत. पडाव लाटेबरोबर वर आला कीं त्याच क्षणीं पाऊल टाकावयाचें. बायकामुलांना तर खलाशी अक्षरशः झेलूनच घेत. आम्ही मात्र बोटीच्या कठड्यास टेकून, पायांस पाण्याचा थेंबहि न लागतां, पैलतीरीं उतरलों.

खाडी ओलांडतांना उजव्या हातास जयगडचा किल्ला दिसतो. विजापूरकरांनीं सोळाव्या शतकांत बांधलेला हा दुर्ग पुढें संगमेश्वरच्या नाइकांकडे गेला. १७१३ च्या सुमारास तो कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यांत आला आणि १८१८ सालीं इंग्रजांनीं घेतला. त्याचा तट आणि बुरूज अद्यापि उभे आहेत. जमिनीच्या अंगास खडकांत खोदलेला खंदक, आंत गणपतीचें देऊळ, विहिरी आणि एका जुन्या वाड्याच्या पडक्या भिंती, एवढें आज पाहावयास मिळतें. समुद्राच्या बाजूस भूशिरावर १९३२ सालचें ओतीव लोखंडाचें दीपगृह आहे. २००९ सालापासून येथें नवें मोठें बंदर चालूं झालें असून कोळशाचीं अवाढव्य जहाजें त्यांत येतात. त्यांच्यापुढें खाडींतल्या मच्छीमार होड्या अगदींच खेळण्यासारख्या दिसतात.

असो. घराशीं पोंचलों आणि क्षणभर परक्याच्याच दारीं तर आलों नाहीं ना, असें वाटलें. पुतण्यानें मुंबईची नोकरी सोडून पर्यटकांच्या उतरण्याजेवण्याची सोय घरींच केली आहे, हें आम्ही ऐकून होतों. आणि त्याचें हें धाडस आम्हांस मनापासून आवडलेंहि होतें. कोंकणांतल्या किती घरांना आज कुलपें आहेत, हें वाचकांस सांगावयास नको. गणपतींपुरतीं उघडावयाचीं आणि पुन्हां बंद करावयाचीं, अशीं तीं घरें. त्यांतलें एक घर जर चार पाहुण्यांच्या वर्दळीनें नांदतें राहत असेल, तर त्याचें रूप थोडें बदललें म्हणून कुरकुरावें कशास?

परंतु रूप थोडें बदललें नव्हतें. ज्या ओटीवर आजोबा झोपाळ्यावर बसून पंचांग पाहत, ती आतां पाहुण्यांची भोजनशाळा झाली होती. तुळयांखालीं मासे धरावयाचें जाळें पसरलें होतें आणि त्यांत कांचेचे हिरवे गोळे अडकविले होते. भिंतीवर दोन वल्हीं तिरपीं, एकमेकांस छेदून ठोकलेलीं. जहाजावरचें जीव वांचविण्याचें गोल कडें, त्याच्या मधोमध आरसा बसविलेला. पितळी कंदील. एक नक्षीदार आऱ्यांचें चाक. पण तें कोणत्याहि जहाजावर कधीं चढलेलें नव्हतें, दुकानासाठींच केलेलें होतें. कोपऱ्यांत मोठाले डोळे वटारलेला एक लांकडी मुखवटा. आणि समोरच्या भिंतीवर, सर्वांत मानाच्या जागीं, जुन्या मचव्याचें एक भलें थोरलें सागवानी सुकाणूं.

"हें सारें सुचलें कोठून?" आम्हीं विचारलें.

"काका, अमेरिकेंत अशीं उपाहारगृहें असतात," पुतण्या उत्साहानें म्हणाला आणि त्यानें आम्हांस चित्रें दाखविलीं.

वहिनी आंतून म्हणाल्या, "देवघरांत मात्र जाळें आणूं दिलें नाहीं हो मीं. म्हटलें, जाळें टाकून काय देव धरावयाचे आहेत?"

त्या चित्रांतल्या उपाहारगृहांची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. 'उपाहारगृह' हा पुतण्याचा सभ्य शब्द. खरें म्हणजे तीं मद्यगृहें. १९३३ सालीं हॉलिवूड येथें अर्नेस्ट गँट या गृहस्थानें पहिलें काढलें. पुढच्याच वर्षीं ओकलंड येथें व्हिक्टर बर्जेरॉन यानें एक दुकान उघडलें, त्याचें पुढें असेंच रूपांतर झालें. पॅसिफिक महासागरांतल्या पॉलिनेशियन बेटांचा देखावा आंत उभा करावयाचा: वेळूच्या भिंती, झावळ्यांचें छप्पर, छतास टांगलेली होडी, जाळीं, दोरखंड, फुगऱ्या माशाच्या कातड्याचे दिवे, आणि 'टिकी' नांवाच्या लांकडी मूर्ती. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत टिकी हें आद्य पुरुषाचें नांव आहे. येथें तो दारूच्या पेल्यावर कोरला गेला. दुसरें महायुद्ध संपून पॅसिफिकमधले शिपाई घरीं परतले, तेव्हां या गृहांस भरतीच आली. ते कांचेचे गोळेहि मूळचे शोभेचे नव्हत. जाळें पाण्यांत तरंगतें राहावें म्हणून नॉर्वेंत १८४० च्या पुढें ते प्रथम करूं लागले. मागाहून जपानी कोळ्यांनीं उचलले. आणि जाळ्यांतून सुटलेले गोळे प्रवाहाबरोबर वाहत अमेरिकेच्या किनाऱ्यास लागूं लागले. कोणा कोळ्याचें झालेलें नुकसान, तेंच कोणाच्या छताचें भूषण!

ज्यांचा देखावा मांडला जात होता, त्या बेटांतल्या लोकांची खरी विद्या मात्र त्या भिंतींवर कोणी टांगली नाहीं, आणि ती टांगतांहि येण्यासारखी नव्हती. १९७६ सालीं 'होकुलेआ' नांवाची, दोन होड्या जोडून बांधलेली नौका हवाई बेटांतून ताहितीस गेली. अंतर सुमारें चार हजार किलोमीटर. बरोबर होकायंत्र नाहीं, नकाशा नाहीं. सातवल बेटाचा माउ पियाइलुग हा वाटाड्या तारे, लाटा आणि पक्षी यांच्या खुणांनीं नौका नेत होता. त्या प्रवासानें जगास कळलें कीं हे लोक वाहत वाहत कोठेंतरी लागलेले नव्हेत. वाट जाणून गेलेले आहेत.

पहिल्या रात्रीं जेवणें झाल्यावर मुलेंमाणसें ओटीवर जमलीं. समोर सुकाणूं होतें, ऐकणारे होते, आणि आम्ही मास्तर! मग काय विचारतां? 'कर्णधार' या शब्दावर आम्हीं चांगलें पाऊण तास प्रवचन झोडलें. कर्ण म्हणजे सुकाणूं. तें धारण करतो तो कर्णधार. क्रिकेटच्या संघाचा, संस्थेचा, राष्ट्राचा म्हणून आज आपण जो शब्द वापरतों, तो मूळचा नावाड्याचा. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या ग्रंथाचीहि माहिती दिली. जहाजें कशीं शृंगारावीं हें त्यांत सांगितलें आहे: चार डोलकाठ्यांचें असेल तर पांढरें रंगवावें, तिहींचें तांबडें, दोहोंचें पिवळें, एकीचें निळें, आणि नाळेवर सिंह, महिष, सर्प, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक किंवा मनुष्य यांचें मुख बसवावें. पूर्वजांनीं जहाजें शृंगारलीं, आपण जहाजांनीं घर शृंगारतों, असा समारोपहि आम्हीं केला. पुतण्या खूष झाला. सुकाणूंखालीं 'कर्णधार' अशी पाटी लावावी असें त्यानें सुचविलें, आणि ती वळणदार अक्षरांत लिहून देण्याचें आम्हीं आनंदानें कबूल केलें.

दुसरे दिवशीं पावसानें उघडीप दिली म्हणून पुतण्याबरोबर किल्ल्यावर गेलों. वाटेंत त्यानें एकेका वस्तूची जन्मकथा सांगितली. कडें आणि कंदील मुंबईच्या चोरबाजारांतले. भावनगरजवळ अलंग येथें १९८३ पासून जगांतलीं जुनीं जहाजें मोडण्याचा धंदा चालतो. तेथल्या रस्त्यालगत जहाजांतलीं कपाटें, दिवे, कपबशा, खुर्च्या यांचीं दुकानें आहेत. मुंबईंत दारूखान्यासहि जहाजें मोडतात. आपली 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका तेथेंच मोडली गेली. १९६१ तें १९९७ पर्यंत तिनें आरमारांत सेवा केली. पुढें कांहीं वर्षें ती संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ सालीं तोडण्याचें काम सुरू झालें. तिच्या लोखंडाचा कांहीं भाग घालून २०१६ सालीं मुंबईंत आरमारी गोदीच्या लायन गेटबाहेर स्मारक उभारलें; कांहीं लोखंड वितळवून त्याच्या मोटारसायकलीहि निघाल्या. जहाज मेलें तरी त्याचे अवयव असे नाना घरीं नांदतात.

तटावर बसून आमच्या मनांत विचार आला कीं वस्तु एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे टांगणें हें कांहीं अमेरिकेनें आपणांस शिकविलें नाहीं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां फिरंग्यांच्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनीं आणल्या आणि देवळांत बांधल्या. वाईजवळ मेणवलीस अशी १७०७ सालची घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेली मेरी कोरलेली आहे. आमच्या विद्यार्थ्यांना ती दाखवावयास आम्ही दरसाल नेत असूं. पण ती घंटा तेथें घंटा म्हणूनच आहे: तिच्यांतून नाद निघतो, आणि तो देवासाठींच निघतो. मालक बदलले, काम बदललें नाहीं. बोरिवलीजवळ एक्सरला शिलाहारकालीन वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या नौका आणि समुद्रावरचें युद्ध कोरलेलें आहे. तीहि एक प्रकारें नौकांची शोभाच; परंतु त्या शिळांचा हेतु एकच, कीं पडलेल्यांची आठवण राहावी. उलट आमच्या ओटीवर जीव वांचविणाऱ्या कड्यांत लोक भांग पाडीत होते. मुंबईहून रेवसास निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजीं बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या दिवशीं अशा एकेका कड्याची किंमत काय असेल! हें सारें आमच्या मनांत आलें; पण पुतण्याच्या उत्साहावर पाणी कशास टाका, म्हणून आम्हीं तोंडांतून शब्द काढला नाहीं. आमचें हें मौन सौजन्याचें होतें कीं पाटीवरच्या वळणदार अक्षरांच्या मोहाचें, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

तिसऱ्या दिवशीं नारळी पौर्णिमा. खारवीवाड्यांतली मंडळी वाजतगाजत निघालीं. होड्यांना पताका आणि झेंडूच्या माळा लावल्या होत्या. दर्यास नारळ अर्पण झाला. बंधूंच्या घरीं जुनी रीत अशी कीं त्या दिवशीं वाड्यांतल्या कांहीं मंडळींनीं यावें, नारळीभाताचा प्रसाद घ्यावा. तीं आलीं. त्यांत एक वृद्ध तांडेल होते. वय ऐंशींच्या घरांत, पाठ वांकलेली, पण मनगटें अद्यापि दोरखंडासारखीं. पाय धुवून ते ओटीवर चढले आणि भिंतीकडे पाहून जागच्या जागींच थबकले.

बराच वेळ ते कांहींच बोलले नाहींत. मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "मास्तर, सुकाणू उलटं टांगलंय तुमी."

आम्हीं वर पाहिलें. रुंद पातें आढ्याकडे, अरुंद मान जमिनीकडे. मोरपिसाच्या पंख्यासारखें शोभिवंत दिसत होतें खरें. परंतु पाण्यांत जें पातें खालीं बुडावयाचें, तें वर होतें. ज्याच्याखालीं उभें राहून आम्हीं 'कर्णधार' शब्दाची व्युत्पत्ति सांगितली, त्यास वर कोणतें आणि खालीं कोणतें एवढेंहि आम्हांस कळलें नव्हतें!

पुतण्या हंसून म्हणाला, "तांडेल, असेंच बरें दिसतें हो."

तांडेलांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं हात वर करून सुकाणूंच्या मानेवर तळवा ठेवला. मग आम्हांस कळलें कीं तें त्यांच्याच मचव्याचें. मचवा जुना झाला, मोडीत निघाला; मुलानें यंत्राची नवी बोट घेतली, आणि सुकाणूं पुतण्यास विकलें. म्हाताऱ्यांना त्यानें सांगितलें नव्हतें.

"ऐका मास्तर," ते म्हणाले. एका पावसाच्या तोंडीं वादळ झालें त्या रात्रीं मचव्यावर ते, त्यांचा धाकटा भाऊ आणि आणखी सहाजण होते. शीड फाटलें. भूशिराच्या खडकांपासून मचवा दूर ठेवावयाचा म्हणून तांडेल दोन्ही हातांनीं सुकाणूं धरून बसले होते. एक लाट आडवी आली आणि भाऊ पाण्यांत गेला. हातभरावर होता. त्यानें हांकहि मारली.

"सुकाणू सोडलं असतं तर सात जण गेलं असतं," तांडेल म्हणाले. "न्हाय सोडलं. येक गेला."

ओटीवर कोणी हललें नाहीं. बाहेर वाड्यांतलीं पोरें नारळ फोडीत होतीं, त्याचा आवाज येत होता.

जरा थांबून ते पुन्हां म्हणाले, "पातं वर कवा येतं मास्तर? व्हडी पालथी झाली कीं. उलटं ठेवूं नका एवढंच."

आम्हीं हात जोडून म्हटलें, "तांडेल, तुमचें आहे, तुम्ही घेऊन जा." पुतण्यानेंहि तेंच म्हटलें, पैसे परत मागण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु तांडेलांनीं मान हलविली. पोरानें विकलें, पैसे संसारास लागले, आतां तें परत कसें घ्यावयाचें? शिवाय घरांत ठेवलें तर भावजय अजून आहे, तिच्या नजरेस रोज पडेल. त्यापेक्षां येथें बरें. एवढें बोलून त्यांनीं प्रसादाचें पान पुढें ओढलें, नारळीभात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, आणि वहिनींस "गोड झाला" म्हणून सांगून ते निघून गेले.

त्या संध्याकाळीं पुतण्यानें कोणास न सांगतां शिडी आणली. सुकाणूं खालीं उतरविलें तेव्हां मानेच्या लांकडावर, दांडा बसवावयाच्या भोंकाशीं, झिजून गुळगुळीत झालेली जागा दिसली. तांडेलांचा तळवा बरोबर तेथेंच पडला होता. सुकाणूं सुलट करून त्यानें पुन्हां लावलें. जवळच्या खुंट्यांवर पाहुणे ओले पंचे टाकीत, त्या खुंट्या त्यानें उपटल्या. कड्यांतला आरसा काढला. वटारलेल्या डोळ्यांचा मुखवटा कोठें गेला, तें आम्हीं विचारलें नाहीं. जाळें आणि कांचेचे गोळे राहिले. ते राहण्यास आमची हरकतहि नाहीं. पाहुण्यांनीं यावें, घर नांदावें, हें आम्हांस हवेंच आहे. शोभेची वस्तु घरांत असूं नये असें म्हणणारा मनुष्य स्वतःच्या दारांतली रांगोळी विसरतो.

मात्र आमचें एक मागणें आहे, आणि तें पुतण्याहून अधिक आमच्यासारख्या शिकलेल्यांपाशीं आहे. समुद्रयान कलियुगांत वर्ज्य म्हणून आमच्या वडिलधाऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या दर्याकडे पाठ केली. किनाऱ्यावर राहूनहि शेजारच्या वाड्यांतली विद्या आम्हीं कधीं विचारली नाहीं. आज तीच विद्या मोडीत निघाली, तेव्हां तिचीं हत्यारें स्वस्तांत मिळतात म्हणून आपण घरीं आणतों. अवश्य आणावीं, पण भिंतीवर खिळा ठोकण्यापूर्वीं तीं ज्यानें वापरलीं त्यास घरीं बोलवावें आणि विचारावें. तो उंबरठ्यापलीकडेच राहत असतो. आमच्या तांडेलांचें घर ओटीपासून दोनशें पावलांवर होतें.

दुसरे दिवशीं आम्ही परत निघालों. पाटी आम्हीं लिहिली नाहीं. पुतण्यानें आठवण केली, तेव्हां म्हटलें, "शब्द आम्हांस ठाऊक आहे, पण तो लिहिण्याचा अधिकार आमचा नाहीं." फेरीबोट सुटली. येतांना आम्ही किल्ला आणि दीपगृह पाहत आलों होतों. जातांना मात्र आमची दृष्टि वरच्या खोलींत बोट चालविणाऱ्या त्या तरुण माणसाच्या हातांकडेच पुनःपुन्हां जात होती.

गेल्या महिन्यांत पुतण्याचें पत्र आलें. पाहुणे बरे येतात. ओटीवरचें सुकाणूं पाहून विचारतात, आणि तो जेवढें सांगण्यासारखें तेवढें सांगतो. तांडेलांना त्यानें दोनदां बोलावलें, पण ते वर आले नाहींत. कधींमधीं तिन्हीसांजा अंगणाच्या कडेस येऊन उभे राहतात, दाराच्या चौकटींतून आंत भिंतीकडे पाहतात, आणि सुकाणूं सुलट आहे एवढें पाहून परत जातात.